म्हातारपण की आजार? एलियाच्या झुडपाखालून एक पाठ



"आता वय झाले, असे व्हायचेच." वृद्धाश्रमात राहणाऱ्या आई-वडिलांविषयी बोलताना हे वाक्य आपल्या तोंडी सहज येते. आई जेवत नाही, वय झाले. बाबा कोणाशी बोलत नाहीत, वय झाले. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही, वय झाले. या एका वाक्याने आपण किती तरी गोष्टींवर पडदा टाकतो. त्यांतील एक गोष्ट झाकून ठेवणे मात्र धोक्याचे असते. ती म्हणजे नैराश्य, ज्याला आपण सर्रास डिप्रेशन म्हणतो.

या आठवड्याच्या पाठात आपण त्याचा विचार करू. आमचे सांगणे थोडक्यात असे की, वार्धक्य हा आजार नाही, पण नैराश्य हा आजार आहे. तो ओळखता येतो आणि त्यावर उपचारही होतो. त्या उपचारात डॉक्टरांचा वाटा मोठा आहे, पण आपला वाटाही लहान नाही.

वृद्धाश्रम आणि मनातील सल

काही दशकांपूर्वी आपल्या उपनगरांतील गावठाणांत तीन पिढ्या एका छपराखाली नांदत होत्या. आजी ओट्यावर बसून तांदूळ निवडायची, आजोबा नातवंडांना बोटाला धरून चर्चला न्यायचे, शेजारीपाजारी जाता-येता दोन शब्द बोलून जायचे. आज अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कितीतरी जुन्या घरांच्या जागी इमारती उभ्या आहेत. एक मुलगा आखातात किंवा कॅनडात असतो. जो इथे असतो तो आणि त्याची पत्नी सकाळची लोकल पकडतात आणि रात्रीच घरी परततात. अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ दिवसभर कोण बसणार? अनेक कुटुंबांना खूप विचार करून, पैशांची ओढाताण सोसून आणि डोळे पुसत वृद्धाश्रमाचा निर्णय घ्यावा लागतो. त्यांच्याकडे बोट दाखवून 'आई-बापाला टाकले' असे म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

घरात राहिले म्हणजे एकटेपण टळते असेही नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये अंधेरी पश्चिमेला ओशिवरा येथील एका बंद फ्लॅटमध्ये एका वयस्क महिलेचा सांगाडा सापडला होता. ती बातमी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. परदेशात राहणारा मुलगा घरी आला तेव्हा ही गोष्ट उघडकीस आली. एप्रिल २०१६ मध्ये फोनवर शेवटचे बोलणे झाले, तेव्हा आईने एकटे वाटते अशी तक्रार केली होती आणि वृद्धाश्रमात जाण्याची इच्छाही सांगितली होती, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते. स्वतःचे घर होते, मोठी इमारत होती, आजूबाजूला माणसे होती, पण दार वाजवणारे कोणी नव्हते. म्हणून 'घर की आश्रम' या प्रश्नावर वाद घालण्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: जिथे कुठे ते राहतात, तिथे त्यांची वाट पाहणारे कोणी आहे का?

अंधेरी पूर्वेला महाकाली गुंफा रस्त्यावर 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या भगिनींचे वृद्धगृह आहे. या संस्थेचा आरंभ एका पलंगापासून झाला. १८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये मोलमजुरी करून पोट भरणाऱ्या जीन जुगान या बाईने एका अंध, अर्धांगवायू झालेल्या वृद्ध विधवेला आपल्या खोलीत आणले आणि स्वतःचा पलंग तिला दिला. पुढे जीन जुगान यांना त्यांनीच सुरू केलेल्या संस्थेत बाजूला सारण्यात आले. आयुष्याची अखेरची २७ वर्षे त्या मातृगृहात जवळजवळ निनावी राहिल्या. संस्थेची स्थापना यांनी केली, हे सोबत राहणाऱ्या तरुण भगिनींना ठाऊकही नव्हते. १८७९ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी त्या देवाघरी गेल्या आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद दिले. म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या या संत बाईला 'आता तुझी गरज नाही' हा अनुभव स्वतःच्या म्हातारपणी घ्यावा लागला. आपण आज ज्या दुःखाविषयी बोलत आहोत, ते त्यांना आतून माहीत होते.

उदासी आणि आजार यांत फरक काय?

वृद्धाश्रमात येणारा माणूस बरेच काही मागे ठेवून येतो. आयुष्याचा जोडीदार गेलेला असतो. घर, शेजार, चर्चमधील आपला ठरलेला बाक, स्वयंपाकघरातील सत्ता, पाकिटातील पैसे, हे सारे सुटलेले असते. अशा वेळी रडू येणे, गप्प राहणे, पहिले काही आठवडे करमत नाही म्हणणे स्वाभाविक आहे. हा शोक आहे. शोकाला वेळ लागतो. मधूनमधून तो सैल होतो. जुनी आठवण निघाली की माणूस हसतो, नातू आला की त्याचा चेहरा उजळतो.

नैराश्य तसे सैल होत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन काळवंडलेले राहते किंवा कशातच गोडी वाटत नाही, तेव्हा हा आजार असण्याची शंका घ्यावी. वृद्धांच्या बाबतीत अडचण अशी की, ते 'मी उदास आहे' असे सहसा म्हणत नाहीत. त्यांच्या पिढीकडे त्यासाठी शब्दच नव्हता. त्यांचे शरीर बोलते. अंग दुखते, पोट साफ होत नाही, डोके जड वाटते, तोंडाला चव नाही. वजन उतरते. पहाटे लवकर जाग येते. चिडचिड वाढते. कपडे बदलावेसे, केस विंचरावेसे वाटत नाहीत. माळ हातात असते, पण मणी पुढे सरकत नाही.

विसरभोळेपणाही वाढतो आणि घरचे समजतात की, स्मृतिभ्रंश सुरू झाला. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, पण पुष्कळदा थोडा फरक दिसतो. स्मृतिभ्रंश हळूहळू, वर्षा-दोन वर्षांत वाढत जातो आणि त्याची तक्रार बहुधा घरचे करतात. नैराश्यातील विसराळूपणा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दिसू लागतो आणि 'माझे डोकेच चालत नाही' असे माणूस स्वतः सांगतो. नैराश्यावर उपचार झाले की ही स्मरणशक्ती बऱ्याच जणांत सुधारते. म्हणून 'आता काही उपयोग नाही' असे ठरवण्यापूर्वी तपासणी झालीच पाहिजे.

आपल्या देशात हा आजार किती झाकलेला आहे, हे एका पाहणीतून दिसते. २०१७-१८ मध्ये वृद्धत्वाविषयी एक मोठी राष्ट्रीय पाहणी झाली. तिच्यात ६० वर्षांवरील लोकांना लक्षणांविषयी प्रश्न विचारले, तेव्हा सुमारे ८ टक्के लोकांत नैराश्य असल्याचे दिसले. पण 'डॉक्टरांनी तुम्हाला नैराश्य आहे असे सांगितले आहे का?' या प्रश्नाला होकार देणारे १ टक्क्याहूनही कमी होते. म्हणजे दहा आजारी माणसांमागे जेमतेम एकाला आपल्या आजाराचे नाव कळले होते. ही पाहणी घराघरांतून झाली होती. वृद्धाश्रमांत हे प्रमाण घरांपेक्षा अधिक आढळते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यास सांगत आले आहेत.

श्रद्धा कमी पडली का?

आम्हा धर्मगुरूंकडे हा प्रश्न नेहमी येतो. "फादर, आई पूर्वी रोज मिस्साला जायची, बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला जायची. आता प्रार्थनेलाही नको म्हणते. तिची श्रद्धा गेली का?" तसे नाही. ज्याचा पाय मोडला आहे तो गुडघे टेकत नाही, म्हणून आपण त्याला नास्तिक म्हणत नाही. ज्याचे मन आजारी आहे त्याला प्रार्थना जमत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी 'अधिक प्रार्थना कर' असे सांगणे म्हणजे त्याच्या पाठीवर आणखी एक ओझे ठेवणे होय. आपण त्याच्या जवळ बसून त्याच्यासाठी प्रार्थना म्हणावी. त्याने ओठ हलवले नाहीत तरी चालेल.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. नैराश्यात माणूस स्वतःला फार दोषी मानतो. चाळीस वर्षांपूर्वीचे, केव्हाच क्षमा झालेले पाप तो पुन्हा पुन्हा उगाळतो. 'देवाने मला शिक्षा केली, म्हणून मी इथे आहे' असे म्हणतो. हा पश्चात्ताप नव्हे. पश्चात्तापानंतर शांती येते, इथे ती येत नाही. पुन्हा पुन्हा पापनिवेदन करूनही मन हलके होत नसेल, तर धर्मगुरूंच्या बरोबरीने डॉक्टरांनाही बोलवावे. बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय डॉक्टरांचा मान राखायला सांगतो आणि त्यांची विद्या देवाकडूनच आली आहे, अशी आठवण करून देतो.

झुडपाखालचा संदेष्टा

आता बायबलमधील पहिल्या राजांच्या पुस्तकाचा १९ वा अध्याय उघडू या. एलिया हा मोठा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर बआलच्या ४५० संदेष्ट्यांसमोर तो एकटा उभा राहिला आणि जिंकला. पुढच्याच अध्यायात ईजबेल राणीची धमकी येते आणि हा धैर्यवान माणूस पळत सुटतो. बैर-शेबा येथे तो आपल्या सेवकाला मागे ठेवतो, एकटाच अरण्यात एक दिवसाची वाट चालून जातो, रतामाच्या एका झुडपाखाली बसतो आणि आपला जीव घे अशी देवाला विनवणी करतो. मग तिथेच आडवा होऊन झोपी जातो.

एलिया म्हातारा होता असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. पण वृद्धाश्रमातील एखाद्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाला तो परका वाटणार नाही. कर्तबगारीचे दिवस मागे गेले, सोबत सुटली, पुढे काही दिसत नाही आणि जगावेसे वाटत नाही. देवाने या माणसाला कसे वागवले, ते आपण चार पायऱ्यांनी पाहू.

पहिली पायरी: आधी देहाकडे लक्ष

देवदूत येतो आणि एलियाला उपदेश करत नाही. त्याला स्पर्श करतो, उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. एलिया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत रागावत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला देतो आणि वाट लांबची आहे, हे मान्य करतो.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी दुःखावरचे उपाय सांगताना मित्रांची सहानुभूती, अश्रू आणि सत्याचे चिंतन यांच्याबरोबर झोप आणि आंघोळ यांचाही उल्लेख केला आहे. एवढ्या मोठ्या तत्त्ववेत्त्याला आंघोळीचे महत्त्व कमी वाटले नाही, कारण माणूस म्हणजे देह आणि आत्मा यांचे एकत्व, अशी त्यांची शिकवण होती.

आपल्यासाठी याचा अर्थ असा. वडील उदास दिसले की प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, पक्षाघात, पार्किन्सन, सततचे दुखणे, काही औषधे, यांमुळेही नैराश्य येते किंवा तशीच लक्षणे दिसतात. चालू असलेल्या सर्व गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात. कान तपासावेत. ज्याला ऐकू येत नाही तो भरल्या हॉलमध्येही एकटा असतो, आणि कित्येकदा त्याच्या श्रवणयंत्राचा फक्त सेल संपलेला असतो. चष्मा, कवळी, वॉकर नीट आहेत का, हे पाहावे.

गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांना दाखवण्यात कमीपणा मानू नये. विलेपार्ल्याजवळचे कूपर किंवा शीव येथील रुग्णालय अशा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. नैराश्यावरील गोळ्यांची सवय लागते, ही समजूत चुकीची आहे. त्यांचा गुण यायला मात्र काही आठवडे, साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून त्या सोडू नयेत. बरे वाटले तरी डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नयेत. झोपेच्या गोळ्या वेगळ्या. म्हाताऱ्या माणसाला त्यांनी तोल जाऊन पडण्याचा धोका असतो, त्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत.

दुसरी पायरी: तेच पुन्हा ऐकणे

एलिया होरेब पर्वतावरील गुहेत पोहोचतो. देव त्याला विचारतो की, तू इथे काय करतोस? एलिया आपली सारी व्यथा सांगतो आणि शेवटी म्हणतो की, मी एकटाच उरलो आहे. मग वारा, भूकंप आणि अग्नी येऊन जातात आणि शेवटी एक मंद, हळुवार ध्वनी येतो. देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो. एलिया तेच उत्तर, त्याच शब्दांत पुन्हा देतो. 'हे तू आत्ताच सांगितलेस' असे देव म्हणत नाही.

आपण मात्र म्हणतो. आजी मोत माउलीच्या जत्रेची गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागली की आपण मोबाइल काढतो. त्या गोष्टीत ती तरुण असते, कामाची असते, कोणाची तरी आई असते. ती गोष्ट सांगणे ही तिची आपण कोण आहोत हे सांगण्याची रीत आहे. तिला पुढचा प्रश्न विचारावा. "मग जत्रेला चालत गेलात की बसने? सोबत कोण होते?" असे विचारले की तीच जुनी गोष्ट नवी होते.

भेटीला गेल्यावर खुर्ची ओढून समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसावे. 'हसत राहा', 'इथे किती छान सोय आहे', 'दुसऱ्यांचे हाल बघा' असे म्हणू नये. त्यांना रडू आले तर रडू द्यावे. 'लवकर येतो' असे न सांगता 'पुढच्या रविवारी चार वाजता येतो' असे सांगावे आणि त्या वेळी यावे. 'लवकर' या शब्दाने दररोज वाट पाहावी लागते. ठरलेल्या रविवारमुळे सोमवारलाही आधार मिळतो. जे परदेशात आहेत त्यांनी फोनचा वार आणि वेळ ठरवून घ्यावी.

तिसरी पायरी: सोपवलेले काम

ऐकून झाल्यावर देव एलियाला काय देतो? तीन कामे. हजाएलाला अभिषेक कर, येहूला अभिषेक कर आणि आपल्या जागी अलिशाला संदेष्टा नेम. ज्याने 'मला मरू दे' म्हटले, त्याला देव 'तुझी अजून गरज आहे' असे कामातून सांगतो.

आमच्या मते वृद्धाश्रमातील नैराश्याचे एक मोठे मूळ इथे आहे. चांगल्या आश्रमात जेवण वेळेवर मिळते, औषध हातात येते, कपडे धुऊन मिळतात. पण केव्हा उठायचे, काय खायचे, दिवा केव्हा मालवायचा, हे सगळे दुसरेच ठरवतात. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला ठरवायला काही उरत नाही आणि तिच्यावाचून कोणाचे काही अडत नाही. सेवा घेणे हेच तिचे दिवसभराचे काम होते. सेवा करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, तरीही माणूस आतून सुकत जातो.

अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील एका नर्सिंग होममध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या संशोधकांनी यावर एक प्रयोग केला आणि तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगितले की, आपल्या खोलीची आणि वेळेची जबाबदारी तुमची आहे. त्यांना एकेक रोपटे निवडून घ्यायला दिले, पाणी त्यांनीच घालायचे होते. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांना सांगितले की, तुमची सर्व काळजी आम्ही घेऊ. त्यांनाही रोपटे मिळाले, पण पाणी परिचारिका घालत. तीन आठवड्यांनंतर पहिल्या मजल्यावरील वृद्ध अधिक आनंदी, अधिक चपळ आणि अधिक मिसळणारे आढळले. रोपटे दोन्हीकडे होते. निवडण्याची आणि जगवण्याची जबाबदारी मात्र एकीकडेच होती.

आपल्याला हे करायला मोठा खर्च नको. भेटीला जाताना केवळ फळे न नेता एखादा प्रश्न न्यावा. "बॉटल मसाल्यासाठी मिरच्या किती भाजायच्या?" "नेवऱ्यांचे सारण सैल होते, काय करू?" "मुलीच्या लग्नाचे ठरते आहे, तुम्हाला काय वाटते?" विचारावे आणि त्यांचा सल्ला खरोखर पाळावा. पुढच्या भेटीत 'तुम्ही सांगितले तसे केले' हे कळवावे. आश्रमाच्या परवानगीने कुंडी, वाटाणे सोलणे, चॅपेलमधील फुले, नव्याने आलेल्या सोबत्याला पहिल्या दिवशी जेवणाच्या टेबलापर्यंत नेणे, अशी कामे त्यांना मिळावीत. जे अंथरुणावर आहेत त्यांच्याकडे आपल्या धर्मग्रामातील एखादे नाव सोपवावे, परीक्षेला बसलेल्या मुलाचे किंवा शस्त्रक्रिया होणाऱ्या बाईचे. त्यांनी त्या व्यक्तीसाठी प्रार्थना करावी, आणि निकाल काय लागला हे आपण त्यांना आठवणीने जाऊन सांगावे. हे सांगणे राहिले, तर ते काम खोटे ठरते.

चौथी पायरी: सोबत

देव एलियाला आणखी दोन गोष्टी सांगतो. तू एकटा नाहीस, इस्राएलात सात हजार जण तुझ्यासारखे उरले आहेत. आणि अलिशा तुझ्याबरोबर असेल. एलिया त्याच्यावर आपला झगा टाकतो आणि अलिशा त्याच्यामागे जाऊन त्याची सेवा करू लागतो. ज्याने सेवकाला मागे सोडले होते, त्याला पुन्हा सोबत मिळते.

सोबतीने काय होते, हे आपल्या शेजारच्या गोव्यात तपासून पाहिले गेले आहे. 'संगाथ' या संस्थेच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्या उपक्रमाला 'दिल' म्हणत. ६० वर्षांवरील १८१ जणांना त्यात घेतले होते. त्यांच्यात उदासीची सौम्य लक्षणे होती, पण आजार अजून झाला नव्हता. त्यांतील ९१ जणांकडे प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते जात. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. ते अडचणी एकेक करून सोडवायला, झोपेची घडी बसवायला, मधुमेहासारख्या आजारांत स्वतःची काळजी घ्यायला शिकवत आणि सरकारी योजना मिळवून द्यायला मदत करत. वर्षभरात या ९१ जणांपैकी ४ जणांना नैराश्याचा आजार झाला. ज्यांना नेहमीचीच वैद्यकीय सेवा मिळाली, त्या ९० जणांपैकी १३ जणांना झाला. हा अभ्यास वृद्धाश्रमातील नव्हता, तरी त्याचा धडा आपल्याला लागू पडतो. थोडे शिकलेली, नियमाने येणारी साधी माणसेही हा आजार दारात अडवू शकतात.

ओझे आणि निरोप

"देवाने आता मला न्यावे," असे आपले वृद्ध नेहमी म्हणतात. ते दोन प्रकारे म्हटले जाते. एक माणूस शांतपणे म्हणतो. तो जेवतो, रविवारच्या ख्रिस्तप्रसादाची वाट पाहतो, नातवाची चौकशी करतो. त्याची तयारी झाली आहे, एवढेच. दुसरा म्हणतो, "मी सगळ्यांना ओझे झालो." तो जेवण किंवा औषध नाकारतो, वस्तू वाटून टाकतो, गोळ्या साठवतो, निरोप घेतल्यासारखे बोलतो. दुसऱ्या माणसाच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करू नये. 'असे अभद्र बोलू नका' म्हणून त्याचे तोंड बंद करू नये. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ, प्रेमाने विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळे व्हायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नये, आश्रमाच्या प्रमुखांना लगेच सांगावे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्यानुसार आई-वडिलांना चरितार्थाचा खर्च मागता येतो. कायदा पैसे मिळवून देऊ शकतो, रविवारची दुपार मात्र आपणच द्यायची असते.

आपल्या धर्मग्रामासाठी

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा आणि वृद्ध यांचा जागतिक दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली. त्या वर्षी कोविडच्या आठवणी ताज्या होत्या. बाहेरच्यांना वृद्धाश्रमांत येऊ देत नव्हते, तेव्हा किती तरी वृद्धांनी आपल्या माणसांना फक्त फोनच्या पडद्यावर पाहिले होते. आता दारे उघडी आहेत.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक समूहाने आपल्या विभागातून वृद्धाश्रमात गेलेल्यांची यादी करावी आणि ती पॅरिश कार्यालयात द्यावी. त्यांचे नाव धर्मग्रामाच्या यादीतून गळू नये, कारण पत्ता बदलला तरी ते आपलेच आहेत. प्रत्येकासाठी दोन घरांनी मिळून आळीपाळीने भेटीचा वार धरावा. एकाच रविवारी वीस जणांनी केक घेऊन जाण्यापेक्षा एकाच माणसाने वीस रविवार जाणे अधिक मोलाचे आहे. रुग्णाभ्यंग संस्कार फक्त मरणाऱ्यांसाठी नाही. ज्यांना तो हवा असेल त्यांची नावे कळवावीत, आम्ही येऊ. आणि ज्या मुला-मुलींनी आई-वडिलांना आश्रमात ठेवले आहे त्यांना आम्ही एवढेच सांगतो की, मनातील अपराधीपणामुळे भेटी टाळू नका. आईला तुमचे स्पष्टीकरण नको असते, तुमचा आवाज हवा असतो.

समूहात विचार करण्यासाठी

१. आपल्या समूहातील कोणती आजी किंवा आजोबा सध्या वृद्धाश्रमात आहेत? त्यांना शेवटचे कोण, केव्हा भेटले?

२. 'वय झाले' असे म्हणून आपण कोणाच्या आजाराकडे दुर्लक्ष तर करत नाही ना? तपासणीला त्यांच्याबरोबर कोण जाईल?

३. पुढच्या भेटीत आपण त्यांना कोणता सल्ला विचारणार आहोत आणि कोणते काम सोपवणार आहोत?

वाट लांबची आहे, हे देवदूताने एलियाला सांगितले होते. आपल्या वृद्धांना ती वाट उपाशीपोटी आणि एकट्याने चालावी लागू नये, एवढी काळजी आपण घेऊ या.